सिद्दी जौहरचं काम

कोबे,
१२ जानेवारी २०१४

सुलेखा,

आशीर्वाद तुला वेगळे लिहायला नकोत, ते असतातच. सरळ कामाचं लिहितो.

फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि उत्तराची तुझ्याकडे ये-जा. मागच्या वेळी आपण बोलत होतो तेव्हा कुकरची शिट्टी, आदित्यचा गेम आणि संजीवराव कुणाला तरी हळूच 'नंदूमामा आहेत, आता बसा' म्हणाले, तेही मला ऐकू आलं. रागावलो नाही. याच कानांवर मी पोट भरलंय. औरंगाबादहून इथे आलो तेव्हा एका सिंधी शेठकडे मोती निवडायला बसायचो. जपानी दलाल माझ्यासमोर आपसांत खरा भाव बोलायचे, याला काय कळतंय म्हणून. मी चहा पीत ऐकून घ्यायचो. आज दुकान माझं आहे.

तर उत्तराचं. जावईबापूंचं, म्हणजे एबोचं, सेंदाईच्या विद्यापीठातलं काँट्रॅक्ट संपलं आणि त्याला घानात, त्याच्या गावी कुमासीला, कायमची नोकरी मिळाली. तो ऑक्टोबरात गेला. उत्तराला टोकियोत काम मिळालं म्हणून ती नेत्राला घेऊन तुमच्या ओजिमात आली. मला म्हणाली, "बाबा, मार्चअखेर ठरवते. नेत्रा इथे रुळली तर राहू, एबो येऊन-जाऊन करेल. नाही रुळली तर आम्ही त्याच्याकडे जाऊ." तुझी मामी गेल्यापासून मला या दोघींशिवाय कोण आहे, हे तुला सांगायला नको. पण मी 'राहा' म्हटलं की ही पोरगी हमखास जाणार. हट्ट माझ्याकडूनच घेतलाय.

म्हणून तुला लिहितो. तुझ्या रविवारच्या मराठी वर्गात नेत्राला घे. अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलताना जपानीत घसरते, आणि तिच्या जपानीला सेंदाईचा हेल आहे. भूकंपानंतर त्या शाळेच्या जिममध्ये राहिल्या होत्या ना, तिथल्या म्हाताऱ्यांनी हिला नातीसारखं सांभाळलं. अशी माणसं तिला ओजिमात मिळाली पाहिजेत. आपली माणसं.

हे मी लिहिलंय, ते उत्तराला कळू देऊ नकोस.

नंदूमामा

*

ओजिमा,
२३ जानेवारी २०१४

प्रिय नंदूमामा,

वाकून नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा आदित्यने विचारलं, "आई, हे बिल आहे का?" हाताने लिहिलेलं पाकीट त्याने पहिल्यांदा पाहिलं.

काळजी करू नका. नेत्रा दोन रविवार येऊन गेली. आमच्या दान्चीतल्या, म्हणजे वसाहतीतल्या, हॉलमध्ये वर्ग भरतो, आमच्या बिल्डिंगमधून तिची बिल्डिंग दिसते. वर्गानंतर ती आमच्याकडेच जेवते. वरण-भात, वर तूप, आणि मग जपानीत सांगते की मस्त होतं. उत्तरा येऊन बसते थोडा वेळ. परवा तिने स्वतःहून विचारलं की इथे कायमचं घर घ्यायचं तर अर्ज कुठे करतात. मी चेहरा सरळ ठेवला.

आणि खरी बातमी पुढेच आहे. फेब्रुवारीत आपली शिवजयंती. यंदा हरीशने मुलांचं नाटक बसवायला घेतलंय, 'पन्हाळ्याचा वेढा'. तो ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे नाटकाचीही एक्सेल शीट आहे. मी नेत्राला त्यात घेतलं. मोठं काम दिलंय, सिद्दी जौहरचं. तिची उंची आहे, आवाज भारदस्त आहे. शिवाय, मामा, तिच्या शाळेत फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ असतो, अमेरिकन टीचर आहे त्यांची. मला वाटलं, तिच्या बाबांच्या बाजूचंही काही आपल्या कार्यक्रमात येईल. एकाच नाटकात दोन्ही साधतं. हरीश म्हणाला, "परफेक्ट कास्टिंग."

नेत्रा काही म्हणाली नाही. मान हलवली. लाजाळू आहे हो.

तुमची,
सुलेखा

*

कोबे,
२८ जानेवारी २०१४

सुलेखा,

तिला जेवायला घालतेस, ते वाचून बरं वाटलं. आता मामाचं थोडं कडू ऐक.

उंची पाहिली, आवाज पाहिला असं लिहितेस. मोत्याचं गिऱ्हाईकही मला गोलाई सांगतं, चकाकी सांगतं. पण पेटी उघडल्यावर त्याची नजर आधी रंगावर जाते, ते मी समोर बसून बघत असतो. सिद्दी जौहर म्हणजे महाराजांना कोंडून बसलेला. त्याच्या नावाला आपली पोरं हुर्यो करणार, आणि करायलाच हवी, नाटकच तसं आहे. पण वर्गात नवीन आलेल्या, बापाचा रंग घेतलेल्या पोरीला पहिलं काम ते द्यायचं? तू वाईट मनाने केलं नाहीस, हे मला कळतं. तिला कळेलच असं नाही.

ती मान हलवून गप्प बसली, म्हणजे लाजली नाही. मी ओळखतो तिला.

परवा तिने फोनवर मला विचारलं, "आजोबा, आपल्यात कोणी ब्लॅक होतं का?" टीचरने प्रत्येकाला एक माणूस निवडायला सांगितलाय. बाकीची मुलं अमेरिकेतली नावं घेतायत. ही 'आपल्यात' विचारत होती. मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तिला मलिक अंबर सांगितला. हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेलं पोर, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकलं गेलं आणि शेवटी आपल्या दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कारभार चालवू लागलं. दिल्लीच्या बादशहाला त्याने जेरीस आणलं. बादशहा त्याला शिव्या द्यायचा तेव्हा रंगावरूनच द्यायचा, तेही सांगितलं, लपवलं नाही. भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आमचं औरंगाबाद त्याने वसवलं, तेव्हा त्याला खडकी म्हणत. खापराच्या नळांनी जमिनीखालून शहरात पाणी आणलं. त्या नहरीचं पाणी मी लहानपणी प्यालोय. हे तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "होन्तो?" म्हणजे खरंच का.

तर असं कर. सिद्दीचं काम दुसऱ्या कुणाला दे. नाटकानंतर नेत्राला एकटीला उभी कर, तिला अंबर सांगू दे. मराठीत. माझं म्हणून नको सांगूस, तुलाच सुचलं म्हण.

नंदूमामा

*

ओजिमा,
१६ फेब्रुवारी २०१४

प्रिय नंदूमामा,

पत्राला उशीर झाला. दोनदा एवढा बर्फ पडला की गाड्या बंद, तालीम बंद, संजीव दोन दिवस घरून काम करत माझ्या डोक्यावर बसलेला.

तुमचं म्हणणं आधी मला लागलं. मग पटलं. हरीश थोडा कुरकुरला, "सिद्दी आता कुठून आणू?" मी म्हटलं, आमच्या आदित्यला दे. झालं.

आणि नेत्रा, मामा, तुम्ही बघायला हवं होतं. मी भाषणाचं विचारलं तर आठ दिवसांत स्वतः लिहून आणलं. आधी जपानीत लिहिलं, मग उत्तराने मराठी सांगितलं, मग ते तिने जपानी अक्षरांत लिहून पाठ केलं. सुरुवातच अशी करते: "मी मलिक अंबर. मला विकत घेणाऱ्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत." हे वाक्य तिचं आहे, आम्ही कुणी सांगितलेलं नाही. शाळेत टीचरने बोर्डावर तिने काढलेलं अंबरचं चित्र लावलं. टीचरला स्वतःलाच हे नाव माहीत नव्हतं, म्हणून तिने नेत्राला वर्गापुढे उभं करून प्रश्न विचारले. घरी येऊन मला म्हणाली, "मावशी, मिस आल्सो डिडन्ट नो." आणि हसली. मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

उत्तराने अर्ज भरलाय. घराचा. एबोलाही फोनवर सांगत होती की मुलीचं इथे बरं चाललंय. मी आत भांडी घासत होते, तुमचे कान माझ्याकडे आलेत बहुतेक.

येत्या रविवारी कार्यक्रम. मेकअप संपदा करणार आहे, तिने पुण्यात कोर्स केलाय. संजीव शूटिंग करेल, तुम्हाला डीव्हीडी पाठवते.

सुलेखा

*

ओजिमा,
२५ फेब्रुवारी २०१४

प्रिय नंदूमामा,

कार्यक्रम छान झाला. हॉल भरला होता, वॉर्ड ऑफिसमधून दोन जपानी पाहुणे आले होते, त्यांनी पोहे दोनदा घेतले. नाटकाला टाळ्या पडल्या. आदित्य सिद्दी म्हणून असा काही दरडावला की पुढच्या रांगेतलं एक बाळ रडलं.

नेत्राचं मात्र जमलं नाही, मामा. तिला पुकारलं, ती आली, मध्ये उभी राहिली. माइक समोर होता. तोंडच उघडलं नाही. आम्ही खालून पहिलं वाक्य सांगत होतो, "मी मलिक अंबर, मी मलिक अंबर". तिने नुसतं बघितलं, जपानी पद्धतीने कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेली. स्टेज फ्राइट. मोठ्यांनाही होतं. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संपदा म्हणाली, "पुढच्या वर्षी बघ कशी बोलते ते."

त्यानंतर दोघी जेवायला थांबल्या नाहीत. उत्तरा म्हणाली, तिला ताप आहे. मी काल डबा घेऊन गेले, दार उघडलं नाही, झोपल्या असतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डीव्हीडी सोबत आहे.

सुलेखा

*

कोबे,
४ मार्च २०१४

सुलेखा,

डीव्हीडी मिळाली. एकदा बघितली. मग टीव्हीकडे पाठ करून ऐकली.

संजीवरावांनी कॅमेरा स्टेजच्या कडेला ठेवून लवकर चालू केला आणि ते दुसरीकडे गेले असावेत. चित्रात नुसता पडदा आहे. पण पडद्यामागचं सगळं त्यात आलंय. तू बघितलं असशील तेव्हा हा भाग पुढे ढकलला असशील. कोण पडदा बघत बसतं? म्हणून काय ऐकू येतं ते लिहितो.

संपदा म्हणते, "हलू नकोस रे, कानामागे गोरा राहिलायस." म्हणजे आदित्यला काळा रंग लावत होते. त्याला आणि त्याच्या फौजेतल्या पोरांना. मला हे विचारायचंच सुचलं नाही. सिद्दीचं काम नेत्राकडून काढून दुसऱ्या कुणाला दे म्हणालो, आणि आपल्याकडे सिद्दी झालेल्या पोराला नेहमी काय फासतात, हे मला ठाऊक असून सुचलं नाही.

मग आदित्य विचारतो, "हे निघेल ना?" एक पोरगा म्हणतो, "नाही निघालं तर नेत्रासारखा राहशील." पोरं हसतात. मग संपदाच, अगदी प्रेमाने बरं का, "नेत्रा, तुझं बरं आहे गं, तुझं रेडीमेड आहे." आणि मोठी माणसं हसतात. बायकाच जास्त. त्यातलं एक हसू तुझं आहे. तुझी आईही अशीच हसायची, शेवटी श्वास आत ओढून. बहिणीचं हसू मला बाजारातल्या गलक्यातसुद्धा ओळखू यायचं.

त्यानंतर नाटक. सिद्दी आला की हुर्यो. ते संपल्यावर हरीश पुकारतो, "आता नेत्रा." आणि माइकच्या अगदी जवळ तिचा आवाज येतो, हळू, शाळेत हजेरी दिल्यासारखा, जपानीत, "हाय." म्हणजे हो. एवढंच बोलली ती त्या दिवशी.

ती घाबरली नव्हती, सुलेखा. समोर तोंडाला काळं फासलेली पोरं अजून उभी होती. त्यांच्यादेखत तिने काय सांगायचं, की मी मलिक अंबर?

मला तुझ्यावर ओरडता येत नाही. तूच तिला जेवू घालत होतीस. पण हे तुला मी नाही सांगितलं तर कुणीच सांगणार नाही. उत्तरा तर नाहीच. ती एकदा गप्प झाली की झाली.

नंदूमामा

*

ओजिमा,
१२ मार्च २०१४

मामा,

मला आठवत नव्हतं मी हसल्याचं. तुम्हाला चूक ऐकू आलं असेल म्हणून मी लावून बघितलं. पुन्हा लावलं. माझंच आहे.

आधी मी मनात सगळ्यांची बाजू घेतली. संपदाची तर नक्कीच. ती बाई नेत्राच्या केसांसाठी कुठून कुठून तेल शोधून आणायची. शाळेत असताना आम्हीही फॅन्सी ड्रेसला हेच करायचो, कुणी वाईट म्हटलं नव्हतं. हे सगळं मी संजीवला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तेव्हा वर्गात कुणी नव्हतं ना वाईट म्हणायला."

काल अकरा मार्च, भूकंपाचा दिवस, दोघी सेंदाईला गेल्या होत्या. त्या जिममधल्या एक आजी आहेत, त्यांच्याकडे. आज संध्याकाळी मी गेले. नेत्राने दार उघडलं. माझ्यापुढे घरातल्या चपला ठेवल्या, अगदी पाहुण्यांना ठेवतात तशा. मी तिचा हात धरून सांगितलं, बाळा, मावशी चुकली, मी हसायला नको होतं. ती म्हणाली, "दाइजोउबु देस." काही हरकत नाही, ठीक आहे. रेल्वेत कुणाचा पाय आपल्या पायावर पडला की म्हणतात तसं. मराठीत एक शब्द नाही, मामा. मी काय विचारलं त्याला जपानीतच उत्तर. महिना संपल्यावर शाळेचा बोर्डही उतरला, टीचरने चित्र परत दिलंय, ते तिने कुठे ठेवलंय विचारलं, तर म्हणाली, माहीत नाही.

उत्तरा माझ्याशी नीट बोलली. ते जास्त लागलं. म्हणाली, "सुलेखा, तुझ्यावर रागावता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं." घराचा अर्ज मागे घेतलाय तिने.

आणि माझ्याकडून अजून एक घडलं. मी रडत होते, बोलून गेले, "मामांनी किती विश्वासाने सांगितलं होतं मला, तिला इथे रुळव म्हणून." उत्तराने विचारलं, "कधी सांगितलं?" मला खोटं बोलता आलं नाही.

ती सुट्टीत तुमच्याकडे येणार आहे. अजून घानाचं तिकीट काढलेलं नाही. तुम्ही थांब म्हटलंत तर थांबेल, मला खात्री आहे. तुम्हाला माणूस वळवता येतो, मामा. एकदाच वळवा.

सुलेखा

*

कोबे,
३१ मार्च २०१४

सुलेखा,

दोघी येऊन गेल्या. आज सकाळी कानसाई विमानतळावरून त्यांना निरोप दिला. गेल्या त्या. तुला आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना वाट बघायला नको.

आल्या दिवशी उत्तराने विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी नेत्राला घेऊन मोतोमाचीच्या बाजारात गेलो. चहावाला तानिगुची-सान मला कितीतरी वर्षं ओळखतो. त्याने मला विचारलं, "नंदू-सान, ही मुलगी कुठली?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सेंदाई." त्याला वाटलं, चेष्टा करतेय. मनापासून हसला बिचारा आणि तिला एक बिस्किट दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, थँक्यू म्हटलं. खाल्लं नाही. परतीच्या वाटेवर माझ्या कोटाच्या खिशात सरकवलं.

घरी आल्यावर ती टीव्ही बघत होती तेव्हा उत्तराने काढलं. "बाबा, तुम्ही हिला रुळवायचं काम दिलंत. सुलेखाला. मला न सांगता. तुमच्याजवळ राहावं म्हणून."

मी म्हटलं, "हो."

"आणि तो अंबरसुद्धा त्यासाठीच?"

हे मात्र मला लागलं. तिने विचारलं म्हणून मी सांगितला होता. पण खरं सांगायचं तर सांगताना माझ्या मनात हेही होतं की यामुळे पोरगी इथे चिकटेल. दोन्ही होतं. तेच सांगितलं. तिने टीव्हीकडे, नेत्राकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "कुमासीला काही सगळं गोड नाही. तिथे तिच्या मागे पोरं 'ओब्रोनी, ओब्रोनी' करत धावतात. म्हणजे गोरी, परकी. मागच्या वेळी हा अनुभव घेऊन आलोय आम्ही. पण तिथे तिची आजी आहे, आत्या आहेत, रोज संध्याकाळी बाप घरी येतो. तुम्ही सांगा, बाबा. या वेळी सरळ सांगा. राहू का?"

मी सांगितलं असतं तर ती राहिली असती. तुझं बरोबर होतं. तिच्या आवाजात तेवढी जागा होती, मला ऐकू येत होती. आयुष्यभर मी अशीच जागा शोधून सौदे केलेत. मी म्हटलं, "जा."

ती रडली. मी नाही. मी चहा टाकला.

तुझ्यासाठी एक काम आहे. हरीशला पुढच्या वर्षी वेढा बसवायचा असेल तर जरूर बसवू दे. आदित्यला सिद्दी कर, भारदस्त करतो. तोंडाला काही लावू नका. आणि अंबर तू स्वतः सांग, वर्गात. आता आपलीच पोरं आहेत तिथे. त्यांनाच सांगायला हवा होता तो पहिल्यापासून, आणि ते काम आपण एका पोरीवर टाकलं. तुला माहिती हवी असेल तर मी लिहून पाठवीन, हवं तेवढं.

संपदाला मी रागावलो नाही म्हणून सांग. किंवा नको सांगूस. तिला अजून काही कळलेलंच नसेल.

विमानतळावर रांगेत उभे होतो. नेत्रा माझ्याजवळ उभी, उत्तरा बॅगा देत होती. इतक्या दिवसांत ती माझ्याशीही जपानीतच बोलत होती. तिथे एकदम मराठीत म्हणाली, "आजोबा, तिकडच्या शाळेत पण नाटक असेल ना?"

मी म्हटलं, "असेल की."

"मग मला कुणाचं काम देतील? इंग्रज बाईचं?"

मला हसू आलं आणि ते मी गिळलं. ती हसत नव्हती. खरंच विचारत होती, माझ्या तोंडाकडे बघून. तेवढ्यात उत्तराने हाक मारली. नेत्रा आणखी जरा वेळ उभी राहिली, मी काही म्हणतो का बघत.  मग तिने आपली सॅक उचलली आणि रांगेत गेली.

नंदूमामा